वर्डमध्ये मजकुराची अलाइनमेंट : सीमाभागातल्या मराठी कागदांसाठी नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागात एकेक कागद बराच फिरतो. मजकूर घरी मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर तयार होतो, व्हॉट्सॲपवरून झेरॉक्स सेंटरला जातो, तिथे वेगळ्याच संगणकावर उघडतो आणि छापून ग्रामपंचायतीत, नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात), सोसायटीत किंवा मंडळाच्या बैठकीत पोचतो. या वाटेवर सगळ्यांत आधी मोडते ती अलाइनमेंट. मधोमध असलेले शीर्षक सरकते, सहीची जागा भलतीकडे जाते, रकमांचा रकाना वाकडा होतो. ती का मोडते आणि मोडू नये म्हणून काय करायचे, हे या पानावर आहे. उत्तरे मुख्यतः मायक्रोसॉफ्ट वर्ड धरून दिली आहेत. लिब्रेऑफिस रायटर आणि गूगल डॉक्समध्ये वेगळे असेल तिथे तसे सांगितले आहे.

अलाइनमेंट किती प्रकारची असते आणि कुठून बदलायची?

चार प्रकारची : डावीकडे, मधोमध, उजवीकडे, आणि दोन्ही कडा सरळ करणारी जस्टिफाय. वर्डमध्ये होम टॅबवर पॅराग्राफच्या भागात चार आडव्या रेघांची चार बटणे असतात, ती याचीच. कीबोर्डवरून कंट्रोल + एल डावीकडे, कंट्रोल + ई मधोमध, कंट्रोल + आर उजवीकडे, कंट्रोल + जे जस्टिफाय. लिब्रेऑफिस रायटरमध्येही हेच. गूगल डॉक्समध्ये याच अक्षरांबरोबर कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबावे लागतात.

मराठी कीबोर्ड चालू असला तरी बहुधा हे शॉर्टकट चालतात. एखाद्या संगणकावर चालले नाहीत तर भाषा इंग्रजीवर आणून दाबा.

मला एकच ओळ मधोमध हवी होती, पण सगळा परिच्छेद हलला. असे का?

अलाइनमेंट परिच्छेदाला लागते, ओळीला लागत नाही. वर्डच्या हिशेबी एका एंटरपासून पुढच्या एंटरपर्यंतचा मजकूर म्हणजे एक परिच्छेद, मग तो एका शब्दाचा असो की अर्ध्या पानाचा. त्यामुळे एक परिच्छेद बदलायचा तर तो निवडायचीही गरज नाही, कर्सर त्यात कुठेही असला की पुरे.

उलट, शिफ्ट + एंटर दाबले तर नवी ओळ येते पण परिच्छेद तोच राहतो. तुमची ओळ वरच्या मजकुराला अशी जोडलेली असेल तर ती एकटी हलणार नाही. तिथे साधे एंटर द्या. वर्डमध्ये होम टॅबवरचे ¶ हे चिन्ह दाबले की कुठे एंटर आहे, कुठे शिफ्ट + एंटर आहे आणि कुठे किती स्पेस पडल्या आहेत, सगळे दिसते. रायटरमध्ये त्यासाठी कंट्रोल + एफ१०. अलाइनमेंट बिघडलेली कोणतीही फाइल आली की पहिल्यांदा ही चिन्हे चालू करा. निम्मे कारण तिथेच सापडते.

स्पेस बार दाबून मजकूर उजवीकडे नेला तर काय बिघडते?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. आपल्याकडे फिरणाऱ्या अर्जांच्या नमुन्यांत ‘दिनांक’ किंवा ‘आपला विश्वासू’ याच्या आधी सर्रास स्पेसची रांग असते. तुमच्या पडद्यावर ते नीट दिसते, कारण तुमचा फाँट आणि तुमचा कागद त्या स्पेसशी जुळलेला असतो.

स्पेसची रुंदी मात्र फाँटवर ठरते. मंगलमधली स्पेस वेगळी, कोकिळामधली वेगळी, निर्मला यूआयमधली वेगळी. दुकानातल्या संगणकावर तुमचा फाँट नसला की वर्ड दुसरा लावतो, स्पेस आखूड किंवा लांब होते आणि ‘दिनांक’ पानाच्या मध्यावर येतो किंवा खालच्या ओळीवर घसरतो. अक्षर १२ वरून १४ केले तरी तेच. ए४ वर केलेला अर्ज लीगल कागदावर घेतला तरी तेच. मजकूर ‘उजवीकडे’ आहे हे वर्डला सांगितलेलेच नसते, म्हणून तो जागा राखू शकत नाही. कंट्रोल + आर, टॅब किंवा तक्ता वापरला तर फाँट बदलो की कागद, मजकूर आपल्या कडेला धरून राहतो.

जुनी फाइल दुरुस्त करायची असेल तर ¶ चालू करून त्या स्पेस आधी पुसा, मगच अलाइनमेंट द्या. स्पेस तशाच ठेवून कंट्रोल + ई दाबले तर वर्ड त्या स्पेससकट मजकूर मधोमध करतो आणि शीर्षक उजवीकडे कललेले दिसते.

‘स्थळ’ डावीकडे आणि ‘दिनांक’ उजवीकडे, एकाच ओळीत कसे आणायचे?

एका परिच्छेदाला एकच अलाइनमेंट लागते, म्हणून इथे बटण कामाचे नाही, उजवा टॅब लागतो, म्हणजे मजकुराचा शेवट जिथे टेकतो अशी रुलरवरची खूण. व्ह्यू टॅबमधून रुलर चालू करा. पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, जिथे दोन रुलर भेटतात, तिथे एक छोटा चौकोन असतो. त्यावर क्लिक करत गेले की टॅबचा प्रकार बदलतो. उजव्या टॅबचे चिन्ह आले की रुलरवर उजव्या समासाजवळ क्लिक करा. मग ‘स्थळ : खानापूर’ टाइप करा, एकदा टॅब दाबा, ‘दिनांक :’ लिहा. तारीख कितीही लांब असली तरी तिचा शेवट कडेलाच राहील.

ए४ पान २१ सेंटिमीटर रुंद असते. दोन्हीकडे वर्डचा नेहमीचा २.५४ सेंटिमीटरचा समास असेल तर मजकुरासाठी १५.९२ सेंटिमीटर उरतात. टॅब्जच्या चौकटीत (रुलरवरच्या टॅबवर डबल क्लिक केले की ती उघडते) हा आकडा थेट टाकला तर टॅब अगदी कडेवर बसतो.

‘आपला विश्वासू’, सही आणि नाव उजवीकडे केले तर वेडेवाकडे दिसते. काय करावे?

कंट्रोल + आर केल्यावर या तीन ओळी उजव्या कडेला चिकटतात आणि त्यांच्या डाव्या बाजू वर-खाली होतात. हाताने लिहिलेल्या अर्जात आपण असे कधी लिहीत नाही. तिथे उजव्या अर्ध्या भागात एक गठ्ठा असतो आणि त्याच्या आत ओळी एकमेकींखाली मधोमध असतात.

तेच संगणकावर असे करा : त्या ओळी निवडा, पॅराग्राफच्या चौकटीत डावे इंडेंट, म्हणजे समासापासून आत घ्यायचे अंतर, १० सेंटिमीटर द्या, आणि मग कंट्रोल + ई दाबा. आता वर्ड पूर्ण पानाऐवजी उरलेल्या सहा-एक सेंटिमीटरच्या पट्टीत मधोमध करतो. सहीसाठी जागा हवी असेल तर रिकामे एंटर मारू नका. नावाच्या परिच्छेदाला ‘बिफोर’ या खान्यात ३६ पॉइंट द्या. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) द्यायचा अर्ज असो की सोसायटीच्या चेअरमनना लिहिलेले पत्र, सहीचा भाग असा बसवला की कागद नेटका दिसतो. अर्जदार दोघे-तिघे असतील तर कडा लपवलेला तक्ता घ्या आणि प्रत्येकाला एक खाना द्या.

‘विषय :’ दोन-तीन ओळींचा होतो, तेव्हा पुढच्या ओळी ‘विषय’ शब्दाखाली येतात. त्या आत कशा घ्यायच्या?

याला हँगिंग इंडेंट म्हणतात. वर्डमध्ये कर्सर त्या परिच्छेदात ठेवून कंट्रोल + टी दाबा. आत घ्यायचे अंतर कमी पडले तर पुन्हा दाबा. ‘विषय :’ नंतर स्पेसऐवजी एकदा टॅब द्या, म्हणजे सगळ्या ओळी एका रेषेत येतील. ‘संदर्भ :’ लाही तसेच. गूगल डॉक्समध्ये मात्र कंट्रोल + टी दाबले तर ब्राउझरचा नवा टॅब उघडतो. तिथे फॉरमॅट मेनूतल्या इंडेंटेशनच्या पर्यायांत जावे लागते.

जस्टिफाय केल्यावर मराठी शब्दांमध्ये मोठमोठ्या फटी पडतात. चूक कुठे आहे?

चूक नाही, जस्टिफायचे काम तसेच चालते. ओळ दोन्ही कडांना टेकवायची म्हणजे उरलेली जागा शब्दांमधल्या स्पेसमध्ये वाटायची. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतात. ‘ग्रामपंचायतीकडून’, ‘अर्जदारांच्याबरोबर’ असे लांब शब्द ओळीत मावले नाहीत की अख्खे खाली जातात आणि वरच्या ओळीत उरलेल्या चार शब्दांना सगळी जागा भरून काढावी लागते. शब्द आपोआप तोडण्याची सोय वर्डमध्ये मुळात बंद असते.

ओळ जितकी अरुंद, तितक्या फटी जास्त. म्हणून माझे स्पष्ट मत असे : पूर्ण रुंदीच्या पानावर लेख, अहवाल किंवा प्रबंध असेल तर जस्टिफाय चांगले दिसते. दोन किंवा तीन स्तंभांचे हस्तपत्रक, तक्त्यातला खाना किंवा लहान आकाराची पुस्तिका असेल तर मजकूर डावीकडेच ठेवा. उजवी कड थोडी खालीवर झाली तरी वाचणाऱ्याला त्रास होत नाही. फटींनी होतो.

वर्डमध्ये कंट्रोल + शिफ्ट + जे दाबले तर ‘डिस्ट्रिब्यूट’ नावाचा आणखी एक प्रकार लागतो. तो अक्षरांमध्येही जागा घालतो. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटू शकते. मराठीसाठी तो वापरू नये.

जस्टिफाय केलेल्या मजकुरात एखादीच ओळ ताणल्यासारखी दिसते. का?

त्या ओळीच्या शेवटी शिफ्ट + एंटर असते. परिच्छेदाची खरी शेवटची ओळ वर्ड ताणत नाही, पण शिफ्ट + एंटरने तोडलेली ओळ त्याच्या लेखी मधलीच असते, म्हणून ती ताणली जाते. त्या जागी साधे एंटर द्या. फाइलभर अशा ओळी असतील तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असे जाऊन अगदी तळाशी लेआउट ऑप्शन्समध्ये शिफ्ट-रिटर्नने संपणारी ओळ न ताणण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करा.

कन्नड आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी कसा ठेवायचा?

आपल्या भागात ही गरज रोजची आहे. पंचायतीला द्यायचे निवेदन, शाळेची सूचना, सोसायटीच्या सभेची नोटीस दोन्ही भाषांत असली तर प्रत्येकाला आपल्या भाषेत वाचता येते. ती नीट मांडलेली असणे हा वाचणाऱ्याचा मान आहे, आणि कोणतीही एक भाषा कोपऱ्यात कोंबलेली दिसू नये.

पुष्कळ जण यासाठी लेआउटमधले दोन कॉलम घेतात. ते इथे चालत नाही. त्या कॉलममध्ये मजकूर पहिला भरला की दुसऱ्यात वाहतो, त्यामुळे वरच्या परिच्छेदात एक शब्द वाढवला तरी दुसरी भाषा खाली सरकते. दोन खान्यांचा तक्ता घ्या आणि प्रत्येक परिच्छेदासाठी वेगळी ओळ ठेवा : डावीकडे कन्नड परिच्छेद, उजवीकडे त्याचाच मराठी. दोन्ही भाषांत मजकुराची लांबी सारखी नसते. तक्त्यात जो लांब असेल त्याप्रमाणे ओळीची उंची वाढते आणि पुढचे मुद्दे समोरासमोरच राहतात. खान्यांची अलाइनमेंट वर-डावीकडे ठेवा, टेबल प्रॉपर्टीजमध्ये ओळ दोन पानांवर तुटू देणारी खूण काढा आणि शेवटी कडा लपवा.

फाँटसाठी विंडोजमधला निर्मला यूआय सोयीचा आहे, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिपी आहेत. ओळींमधले अंतर ‘एक्झॅक्टली’ वर ठेवू नका. त्याने मराठीतल्या वरच्या मात्रा आणि कन्नडमधली खालची जोडाक्षरे कापली जातात. ‘मल्टिपल’ ठेवून १.१५ किंवा १.२ द्या.

अलाइनमेंट बदलताना कन्नड मजकुराची अक्षरेच बदलली. आता?

लगेच कंट्रोल + झेड दाबा. तो मजकूर बहुधा नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असणार. श्रीलिपीच्या जुन्या मराठी फाइलींचेही तसेच. अशा मजकुराचा आकार फाँटवरच टिकून असतो. फाँट बदलला की निरर्थक चिन्हे दिसतात. अलाइनमेंट बदलल्याने काही होत नाही, पण बरेच जण कंट्रोल + ए करून अलाइनमेंटबरोबर फाँटही बदलतात, तिथे घात होतो. अशा फाइलीत फक्त अलाइनमेंटची बटणे वापरा, किंवा आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

सगळा लेख एकदम जस्टिफाय करायचा आहे, पण शीर्षके मधोमधच राहावीत.

कंट्रोल + ए करून कंट्रोल + जे दाबले तर शीर्षक, तारीख, सही सगळेच बदलते. त्याऐवजी मजकुराच्या एका परिच्छेदात कर्सर ठेवा आणि होम टॅबच्या उजव्या टोकाला सिलेक्टमध्ये सारख्या फॉरमॅटिंगचा मजकूर निवडण्याचा पर्याय घ्या. तेवढेच परिच्छेद निवडले जातात. लांब काम असेल, संमेलनाची स्मरणिका किंवा प्रबंध, तर सुरुवातीपासून स्टाइल (नाव देऊन ठेवलेले फॉरमॅटिंग) वापरा : मजकुराला एक, शीर्षकाला एक. मग स्टाइल एकदा बदलली की शंभर पाने बदलतात.

एखादा परिच्छेद काही केल्या जुमानत नसेल तर वर्डमध्ये कंट्रोल + क्यू दाबा, त्यावरचे हाताने केलेले बदल निघून जातात. रायटरमध्ये हेच दाबले तर प्रोग्राम बंद होतो, हे लक्षात असू द्या.

शीर्षक मधोमध केले तरी किंचित उजवीकडे दिसते.

स्पेस नसतील तर त्या परिच्छेदाला पहिल्या ओळीचे इंडेंट लागलेले असते. मजकुरासाठी दिलेले अर्ध्या इंचाचे इंडेंट शीर्षकालाही लागते आणि वर्ड ते सोडून उरलेल्या जागेत मध्य काढतो. पॅराग्राफच्या चौकटीत ‘स्पेशल’ खाली ‘नन’ निवडा.

लग्नपत्रिकेत वराचे नाव डावीकडे आणि वधूचे उजवीकडे कसे बसवावे?

वरच्या ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’ पासून कुलदेवतेच्या नावांपर्यंत सगळे कंट्रोल + ई. जिथे चि. आणि चि. सौ. कां. यांचा मजकूर येतो तिथे कडा लपवलेला तीन खान्यांचा तक्ता घाला. मधला अरुंद खाना ‘आणि’ साठी. तिन्ही खान्यांत मजकूर मधोमध ठेवा, म्हणजे आईवडिलांची नावे, गाव, तालुका आपापल्या नावाखाली बसतात. एका बाजूचा मजकूर वाढला तरी दुसरी बाजू हलत नाही. खालच्या ‘निमंत्रक’ आणि ‘विवाहस्थळ’ यांनाही असाच तक्ता. ऑफसेटवाले पत्रिका त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा बसवतात, पण तुम्ही दिलेली मांडणी स्पष्ट असली तर प्रूफच्या फेऱ्या वाचतात.

कविता मधोमध करावी का?

नको. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात. त्या निमित्ताने कविता टाइप करून पाठवणारे खूप जण आहेत आणि त्यातल्या पुष्कळ कविता कंट्रोल + ई केलेल्या असतात. मधोमध केलेल्या कवितेत प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते, डोळा दरवेळी नवी सुरुवात शोधतो आणि लय तुटते. कवीने मुद्दाम आत घेतलेली ओळही त्यात हरवते. अभंग आणि ओवी यांत चरणांची मोजणी कानाला जशी कळते तशी ती डोळ्यालाही दिसायला हवी.

कविता डावीकडेच ठेवा आणि पूर्ण कवितेला डावे इंडेंट द्या. सगळ्यांत लांब ओळ पानाच्या साधारण मध्यावर येईल इतके. ओळींच्या शेवटी शिफ्ट + एंटर, कडव्याच्या शेवटी एंटर, आणि कडव्यानंतरच्या मोकळ्या जागेसाठी ‘आफ्टर’ मध्ये १२ पॉइंट. कडवे असा एक परिच्छेद झाला की ते दोन पानांत तुटू नये म्हणून ‘कीप लाइन्स टुगेदर’ वर खूण करता येते. खाली कवीचे नाव आणि गाव उजवीकडे.

गणेशोत्सव मंडळाच्या जमाखर्चात नावापुढे ठिपके आणि कडेला रक्कम कशी आणायची?

ठिपके हाताने टाइप करू नका. उजवा टॅब घ्या, त्यावर डबल क्लिक करून टॅब्जची चौकट उघडा आणि ‘लीडर’ मध्ये ठिपक्यांचा पर्याय निवडा. नाव लिहा, टॅब दाबा, रक्कम लिहा. सगळ्या रकमांचे एककाचे अंक एकाखाली एक येतात. काही रकमांना पैसे असतील तर सगळ्यांनाच दोन दशांश लिहा. वर्गणीदारांची यादी मोठी असेल तर तक्ता बरा : नावे डावीकडे, रकमा कंट्रोल + आर. तक्त्यात टॅब दाबले की कर्सर पुढच्या खान्यात जातो. खरोखरचा टॅब हवा असेल तर कंट्रोल + टॅब.

हेडरमध्ये पान क्रमांक उजव्या कडेला बसत नाही.

वर्डच्या हेडरमधले तयार टॅब ठरावीक अंतरावर असतात, समास बदलले तरी ते हलत नाहीत. हेडरमध्ये असताना ‘इन्सर्ट अलाइनमेंट टॅब’ घ्या आणि उजवे निवडा. हा टॅब समासाशी बांधलेला राहतो.

मुखपृष्ठावरचा मजकूर पानाच्या उंचीतही मधोमध हवा आहे.

पेज सेटअपच्या लेआउट भागात व्हर्टिकल अलाइनमेंट ‘सेंटर’ करा. आधी मुखपृष्ठानंतर सेक्शन ब्रेक घाला, नाहीतर सगळी पाने तशी होतील.

उर्दू ओळी उजवीकडे केल्या तरी पूर्णविराम चुकीच्या बाजूला येतो.

बेळगावात तिन्ही-चारही भाषांची पत्रके निघतात, म्हणून हा प्रश्न येतो. कंट्रोल + आर फक्त जागा बदलतो, लिहिण्याची दिशा बदलत नाही. उर्दूसाठी परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करावी लागते. संगणकावर उर्दू कीबोर्ड जोडलेला असेल तर कंट्रोल + उजवे शिफ्ट. हेच दोन बटण चुकून दाबले गेले तर मराठी परिच्छेदही उलटतो, तो कंट्रोल + डाव्या शिफ्टने परत येतो.

अलाइनमेंटची बटणे दाबलीच जात नाहीत.

व्हॉट्सॲप किंवा ईमेलवरून आलेली फाइल वर्ड अनेकदा सुरक्षित अवस्थेत उघडतो. वर पिवळी पट्टी दिसते, तिच्यावरचे ‘एनेबल एडिटिंग’ दाबा.

मोबाइलवर कसे करायचे?

गूगल डॉक्सच्या ॲपमध्ये परिच्छेदावर बोट ठेवा, वरचे ‘ए’ चे चिन्ह दाबा, पॅराग्राफ निवडा. चारही बटणे तिथे आहेत. अर्जापुरते हे पुरते. तक्ते आणि टॅब असलेले काम मात्र संगणकावर करा.

घरी नीट दिसते, दुकानात छापताना मोडते. खात्रीचा उपाय कोणता?

छापायलाच द्यायचे असेल तर वर्डमधून पीडीएफ करून पाठवा. पीडीएफमध्ये फाँट आणि जागा दोन्ही जशाच्या तशा जातात. व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणूनच जोडा, तिचा फोटो काढून पाठवू नका. दुकानात काही दुरुस्ती करावी लागेल असे वाटत असेल तर वर्डची फाइलही सोबत द्या आणि ती जतन करण्याआधी फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे फाँट फाइलीत साठवण्याच्या पर्यायावर खूण करा. कागद ए४ आहे की लीगल हे दुकानदाराला आधी सांगा आणि पहिली एकच प्रत काढून सहीची जागा, तारीख आणि रकमांचा रकाना बघा. मग बाकीच्या प्रती काढा.